हिमायतनगरहून समुद्राकडे : सहलनियोजनाचे एक विवेचन

सहलींचे स्थूलमानाने दोन वर्ग पाडता येतात : निघालेल्या सहली आणि ठरलेल्या सहली. पहिल्या वर्गावर मराठीत प्रवासवर्णनांचे विपुल वाङ्मय उपलब्ध असले, तरी दुसऱ्या वर्गाकडे, तो संख्येने कितीतरी मोठा असूनही, अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. या वर्गातील सर्वांत गुंतागुंतीचा प्रकार म्हणजे समुद्राचे दर्शन सहसा दूरचित्रवाणीवरच घडलेल्या गावातून, समुद्रकाठच्या एखाद्या राष्ट्रीय उद्यानाला भेट देण्याची योजना आखणे हा होय. आणि या प्रकाराच्या अभ्यासासाठी नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडचे वाढोणा, हे तालुक्याचे ठिकाण फार सोयीचे आहे. नकाशावर पट्टी ठेवून पाहिल्यास या गावापासून पश्चिमेचा अरबी समुद्र आणि आग्नेयेचा बंगालचा उपसागर हे दोन्ही सरळ रेषेत साधारण पाचशे किलोमीटरांवर, म्हणजे जवळजवळ सारख्याच अंतरावर भरतात, आणि दोन्ही सारखेच दूर असल्यामुळे कोणत्याही एकाकडे जाण्याची घाई येथे कोणाला कधी झालेली दिसत नाही.

याला अपवाद एकच, आणि तो म्हणजे पाणी. तालुक्यावर पडणारा पाऊस ओढ्यानाल्यांनी पैनगंगेत उतरतो, पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा यांची मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते, आणि गोदावरीचे मुख जेथे समुद्राला भिडते तेथे आंध्र प्रदेशात काकीनाड्याजवळ कोरिंगा हे खारफुटीचे, म्हणजे खाऱ्या पाण्यात मुळे रोवून उभ्या राहणाऱ्या झाडांचे, अभयारण्य पसरलेले आहे. तात्पर्य, गावाचे पाणी कोणतीही बैठक न घेता, आरक्षण न करता आणि घरात कोणाला न विचारता दरवर्षी एका सागरी अभयारण्याची वारी पूर्ण करते. माणसांची गोष्ट मात्र वेगळी असून तिच्या अवस्था क्रमाने पाहणे उचित ठरेल.

पहिली अवस्था स्थळनिश्चितीची. हिच्यात तीन भूमिका असतात. कल्पना मांडणारा तो प्रस्तावक. तो बहुधा नुकताच ताडोबाला वाघ पाहून आलेला नोकरदार असतो. पूर्वी कधीतरी गणपतीपुळ्याला गेलेला आणि त्या एका भेटीच्या बळावर सबंध कोकणाविषयी अंतिम मत देणारा तो अनुभवी. आणि जिच्या होकाराशिवाय घरातील कोणतीही गोष्ट सिद्धीस जात नाही, परंतु जिला सर्वांत शेवटी विचारले जाते, ती आजी. प्रस्तावकाला हवे असते समुद्रकाठचे राष्ट्रीय उद्यान, आणि येथेच पहिली अडचण उभी राहते. कारण महाराष्ट्रातील सहा राष्ट्रीय उद्यानांपैकी ताडोबा, पेंच, नवेगाव आणि गुगामाळ ही चार विदर्भात असून पाचवे चांदोली सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. शालेय भूगोलाने पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतलेला 720 किलोमीटरांचा किनारा राज्याला लाभलेला असताना, खाऱ्या पाण्याला टेकणारे राष्ट्रीय उद्यान एकच उरते, आणि ते म्हणजे मुंबईच्या बोरिवलीतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, ज्याचा उत्तरेकडील नागला भाग वसईच्या खाडीला जाऊन भिडतो.

तत्त्वतः बोरिवलीला जाणे सोपे आहे. हिमायतनगरच्या स्थानकावर थांबणारी नंदिग्राम एक्स्प्रेस एका दिशेला किनवट-आदिलाबादवरून विदर्भाकडे, म्हणजे वाघांच्या मुलखाकडे, आणि दुसऱ्या दिशेला नांदेडवरून मुंबईकडे, म्हणजे समुद्राकडे जाते. एकाच फलाटावर उभे राहून वाघ किंवा समुद्र यांपैकी एकाची निवड करण्याची अशी सोय फार थोड्या गावांना उपलब्ध असेल. परंतु व्यवहारात मुंबईला जाणे म्हणजे कल्याण, डोंबिवली किंवा विरार येथील नातेवाइकांकडे उतरणे होय, आणि तेथे एकदा उतरल्यावर त्यांच्या नव्या सदनिकेचे दर्शन, त्यांच्या मुलीसाठी आलेल्या स्थळाची चर्चा आणि दादरची खरेदी यांत चार दिवस कधी सरतात ते कळत नाही. शिवाय त्या उद्यानातील बिबट्यासाठी इतक्या दूर जाणे हा मुद्दाही शेतकरी सदस्यांना पटत नाही. जे जनावर गावाकडे आलेच तर वन खात्याला फोन करावा लागतो, ते पाहायला बोरिवलीपर्यंत तिकीट काढून जाणे म्हणजे पदरमोड करून संकट गाठणे, असे त्यांचे म्हणणे असते.

त्यानंतर परराज्यांचा विचार होतो. कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यान 1982 सालचे असून ओहोटीला तेथे काही ठिकाणी चालत प्रवाळांपर्यंत जाता येते, ही माहिती प्रस्तावक उत्साहाने सांगतो. प्रवाळ म्हणजे चुनखडीचा सांगाडा रचत वसाहती करून राहणारे बारीक सागरी जीव होत, हे स्पष्टीकरण ऐकल्यावर सभेचा उत्साह थोडा ओसरतो. अंदमानातील वंडूरचे उद्यान 1983 सालचे. ते विमानखर्चाच्या उल्लेखासरशी बाद होते. तमिळनाडूतील मन्नारच्या आखाताचे उद्यान 1986 सालचे असून 21 बेटांची ती माळ रामेश्वर आणि तुतुकुडी यांच्या दरम्यान येते, हे कळताच मात्र आतापर्यंत गप्प असलेली आजी प्रथमच बोलते आणि ताबडतोब तयारी दर्शवते. तिचा पाठिंबा प्रवाळांना नसून रामेश्वराला आहे, हे ध्यानात येईपर्यंत दोन आठवडे जातात, आणि काशीचे गंगाजल घरात नसताना रामेश्वराला जाणे कितपत योग्य, या तिच्याच पुढील प्रश्नाने तो ठराव निकालात निघतो.

अशा रीतीने गाळणी लागत लागत शेवटी उरते ते मालवण. येथील सागरी अभयारण्य 1987 साली घोषित झाले असून त्याचे क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर आहे. त्यातील तीन चौरस किलोमीटरांहून थोड्या अधिक गाभा क्षेत्रात, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या भागात, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड येतात. किल्ला असल्याचे समजताच मुलांच्या सहलीला शैक्षणिक मूल्य प्राप्त होते, कारण शिवाजी महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर या किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ केला ही गोष्ट शिक्षकांना रजेच्या अर्जात लिहिता येते. मालवण हे राष्ट्रीय उद्यान नसून अभयारण्य आहे, हा आक्षेप मात्र अनुभवी सदस्य घेतल्याशिवाय राहत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यासही मनाई असते आणि स्थानिकांचे हक्क जवळजवळ संपुष्टात येतात, तर अभयारण्यात काही हक्क चालू राहू शकतात. मालवणच्या मच्छीमारांनी तर अभयारण्यालाच वर्षानुवर्षे विरोध केला, कारण ज्या पाण्यावर पोट चालते त्याला कुंपण पडण्याची धास्ती त्यांना होती. गायरानाच्या प्रश्नावर आयुष्य काढलेल्या हिमायतनगरच्या शेतकऱ्याला मालवणचा मच्छीमार या एका मुद्द्यावर तत्काळ आपला वाटू लागतो, आणि स्थळनिश्चिती कायद्यापेक्षा या आपुलकीवर पार पडते.

दुसरी अवस्था शंकांची, आणि तिचे मूळ ताडोबात आहे. एकदा व्याघ्रप्रकल्पाची सवय लागलेल्या पर्यटकाच्या मनात अरण्य म्हणजे एक गेट, त्या गेटची वेळ, महिनोन्‌महिने आधी केलेले आरक्षण, एक जिप्सी, एक वाटाड्या आणि शेवटी एक जनावर, अशी साखळी पक्की बसलेली असते. मालवणच्या समुद्राला गेट नाही. पाण्यावर अभयारण्याची हद्द आखलेली दिसत नाही, होडीवाला चहा पिऊन आल्यावर होडी निघते, आणि जे पाहायचे ते पाण्याखाली असल्यामुळे तोंडावर काच लावून, नळीने श्वास घेत, पालथे तरंगत पाहावे लागते. ही पद्धत समजावून सांगितल्यावर चर्चेत एक दीर्घ शांतता पसरते. ज्या माणसाचे पोहणे विहिरीतल्या उडीवर सुरू होऊन तिथेच संपले, त्याने पालथे पडून काय पाहायचे, हा प्रश्न सभेत कोणीतरी विचारतेच, आणि त्याचे उत्तर म्हणून रंगीत मासे व प्रवाळ एवढीच यादी पुढे आली, की दुसरा प्रश्न अटळ असतो : मासे तर बाजारात मिळतात, मग वाघासारखे नक्की काय दिसणार? याला समाधानकारक उत्तर न मिळाल्यास विषय पुढे ढकलला जातो, आणि ढकलताना नेहमी एकच वाक्य उच्चारले जाते : “समुद्र काय पळून जायलाय व्हय?”

येथे एक शास्त्रीय दुरुस्ती नोंदवणे आवश्यक आहे. समुद्र पळून जातो, तेही दिवसातून दोनदा, आणि त्याची वेळ ठरलेली असते. किंबहुना या सबंध योजनेत वेळ ठरलेली अशी तीच एक गोष्ट असते. तिच्याकडे वळण्यापूर्वी मात्र मार्गाचा प्रश्न संपवला पाहिजे. रेल्वेपक्षाचे म्हणणे असे, की नंदिग्रामने मुंबईकडे जावे, तेथून 1998 साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेने कुडाळ गाठावे आणि पुढचे सुमारे तीस किलोमीटर एस.टी.ने काढावेत. रस्तापक्षाचे म्हणणे असे, की गाडी ठरवून लातूर, सोलापूर, कोल्हापूर करीत घाट उतरावा. वादात रस्तापक्ष सहसा विजयी होतो, परंतु विजयाची किंमत त्याला मोजावी लागते. कारण त्या वाटेवर तुळजापूर येते, थोडी वाकडी वाट केल्यास पंढरपूर येते, कोल्हापूरला अंबाबाई असते, आणि इतक्या जवळून देवाला टाळून पुढे जाणे कोणत्याही घराला परवडणारे नसते. नागपूर-गोवा प्रस्तावित महामार्ग आखताना शासनालाही देवस्थानांची माळ ओवावी लागली, तेथे सात आसनांच्या गाडीची काय कथा! परिणामी, पाच दिवसांच्या सहलीतील साडेतीन दिवस दर्शनरांगांना दिले जातात, उरलेल्या दीड दिवसात परतीचा प्रवास बसवावा लागतो, आणि कागदावर समुद्र हा कोल्हापूरच्या मुक्कामानंतर ‘वेळ उरल्यास’ या शीर्षकाखाली येतो.

शिदोरीचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटतो. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा हे चार पदार्थ प्रवासाच्या पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत टिकतात, यावर एकमत असते. मालवणला जाऊन मासे खायचे नाहीत, हे माळकरी सदस्यांचे धोरण आणि मालवणला जाऊन दुसरे काय खायचे, हा तरुणांचा सवाल, यांचा समेट सोलकढीवर होतो. आमसुलाचा आगळ आणि नारळाचे दूध यांची ही गुलाबी कढी दोन्ही पक्षांना चालते, मात्र तिच्यासोबत ज्वारीची भाकरी मिळेल किंवा कसे, ही चिंता शेवटपर्यंत राहते आणि त्यापोटी पाच किलो पीठ गाडीत चढते.

आता तिथीचा प्रश्न. प्रस्तावकाला इंटरनेटवर बराच शोध घेतल्यावर उमगते, की खडकांच्या फटींतील समुद्रफुले, खेकडे, शिंपले आणि कालवे पाण्यात न उतरता पाहायची असतील, तर मोठ्या ओहोटीला किनाऱ्यावर हजर असले पाहिजे. मोठी ओहोटी अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आगेमागे येते, कारण तेव्हा सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येऊन पाण्यावरची त्यांची ओढ एकत्र होते; या भरती-ओहोटीला उधाणाची म्हणतात, आणि अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या मवाळ भरती-ओहोटीला भांगाची. हे सर्व शोधून काढण्यात त्याचा जो काही वेळ खर्च होतो तो बहुतांशी व्यर्थ असतो, कारण उत्तर त्याच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेले असते. कोकणात चालत आलेला हिशोब असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. जागेनुसार ती थोडी मागेपुढे होते, पण अदमास चुकत नाही. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणून तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. खताच्या पावतीच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने हे गणित मांडले असता असे दिसते, की भर दुपारी बारा वाजता, म्हणजे न्याहारी आटोपून सावकाश पोहोचता येईल अशा वेळी येणारी ओहोटी अष्टमीची, म्हणून भांगाची आणि कमी उघडणारी असते; आणि खडक खऱ्या अर्थाने उघडे टाकणारी अमावास्येची ओहोटी पहाटे आणि सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास, म्हणजे एकदा सर्वजण झोपलेले असताना आणि एकदा चहाच्या वेळी येते. हिमायतनगरच्या भिंतीवरील जे कॅलेंडर समुद्राची ही वेळ सांगते, ते ‘कालनिर्णय’ 1973 साली सुरू करणारे जयंतराव साळगावकर हे स्वतः मालवणचे. म्हणजे मालवणने आपले वेळापत्रक अर्ध्या शतकापूर्वीच घरपोच पाठवून ठेवले होते, आणि गावाने त्यावर आजवर दुधाचा हिशोब तेवढा लिहिला.

कॅलेंडर हाती येताच पौर्णिमा निवडावी, हे उघड आहे, कारण तीही उधाणाची आणि प्रवासाला निषिद्धही नाही. परंतु एकही पौर्णिमा रिकामी सापडत नाही. आषाढात प्रवाहाला जोर असतो आणि पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. श्रावणातील नारळी पौर्णिमेला समुद्रावर कोळ्यांचा हक्क आणि घरी राखीचा. आश्विनात सोयाबीन खळ्यावर. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमा. मार्गशीर्षात दत्तजयंती, आणि माहूर हाकेच्या अंतरावर असताना त्या दिवशी मालवणला जाणे म्हणजे दत्तगुरूंच्या डोळ्यांदेखत घेतलेली रजा. फाल्गुनात होळी, चैत्रात हनुमान जयंती. राहता राहिल्या अमावास्या. आश्विनातली लक्ष्मीपूजनाची. मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, जिला लातूरकडे येळवस म्हणतात आणि जेव्हा आंबील व भज्जी घेऊन सर्व सोयरे शेतात जमतात. माघातली महाशिवरात्रीला लागून, म्हणजे गावच्या परमेश्वर मंदिराच्या यात्रेने गाव फुललेले असताना. अशा काटछाटीनंतर सबंध पंचांगात नीट मोकळी अशी एकच तिथी शिल्लक राहते, ती म्हणजे पौष अमावास्या. पौषात लग्नकार्य नसते, कापसाची वेचणी बरीचशी आटोपलेली असते, पाणी निवळलेले असते आणि वार्षिक परीक्षाही दूर असतात. ही तिथी मोकळी असण्याचे कारण एवढेच, की महिना शुभकार्याला वर्ज्य आणि दिवस प्रयाणाला वर्ज्य, अशी दुहेरी मनाई तिच्यावर असल्यामुळे तिच्याकडे आजवर कोणी फिरकलेले नसते.

आजीसमोर हा प्रस्ताव नेला जातो तेव्हा प्रस्तावकाने तयारी केलेली असते. हीच अमावास्या उत्तरेकडे मौनी अमावास्या म्हणून पाळली जाते आणि प्रयागच्या स्नानाचा तो फार मोठा दिवस असतो, तेव्हा या दिवशी खाऱ्या पाण्यात बुडी मारणे हे पुण्यकर्मच होय, असा त्याचा युक्तिवाद असतो. आजी तो ऐकून घेते आणि त्याहून सोपा तोडगा सुचवते : अमावास्येला निघायचे नाही, पोहोचलेले असायचे. त्रयोदशीला निघून चतुर्दशीला पोहोचल्यास अमावास्या आपोआप किनाऱ्यावर पडते, आणि शास्त्राने निघण्याला मनाई केलेली आहे, ओहोटी पाहण्याला नाही. प्रस्तावकाने दोन महिने ज्याला अडथळा मानले, ते हिमायतनगर आणि समुद्र यांतील अंतर या एका सूचनेने सोय ठरते. तुळजापूर वगैरे दर्शनेही परतीच्या वाटेवर हलवली जातात.

त्रयोदशीला नक्षत्र ठीक नाही असे कोणी सांगितलेच, तर त्यालाही परंपरेत उपाय आहे. त्याला प्रस्थान ठेवणे म्हणतात. चांगला दिवस पाहून सुपारी, अक्षता, हळकुंड आणि एक नाणे फडक्यात बांधून शेजारच्या घरी नेऊन ठेवावे. त्या क्षणी प्रवासी निघाला असे मानले जाते आणि मग तो प्रत्यक्षात केव्हाही निघाला तरी दोष लागत नाही. त्यानुसार आजी द्वादशीला गाठोडे घेऊन शेजारी जाते, देव्हाऱ्याजवळ ते ठेवते आणि रीतीप्रमाणे, केवळ बरे दिसावे म्हणून, “तुम्ही बी चला की” एवढे म्हणते. सहलनियोजनाच्या इतिहासात आतापर्यंतच्या सर्व अडचणी या एका वाक्यापुढे किरकोळ ठरतात, कारण शेजारच्या घरातील सहाही माणसे तयार होतात. सात आसनांच्या गाडीत मुळात दाटीवाटीने बसलेल्या नऊ जणांत सहा मावत नाहीत, म्हणून दुसरी गाडी ठरवावी लागते. दुसरी गाडी सहाच जणांसाठी नेणे हे भाड्याच्या हिशोबाने कोणालाही पटत नाही. आणि उरलेल्या जागा भरण्यासाठी त्याच संध्याकाळी गल्लीतील तिसऱ्या घरी आणखी एक प्रस्थान ठेवायला जागा आहे का, याची चौकशी सुरू होते.